पाहुण्यांकडे पाठ

भिवंडी,
२२ जून २०२४

सौ. हेमाताईस,

केसरीनाथचा नमस्कार. आधी तक्रार, मग काम. गेल्या दोन महिन्यांत तुला जितके फोन केले, तितके लग्न ठरल्यावर चंद्रालाही केले नव्हते. एकही उचलला नाहीस. शेवटी तुझ्या सुनेचा, सुकन्याचा, निरोप आला की आईंना फोनचा कंटाळा आलाय, पत्र लिहिलंत तर वाचतील. आमच्या आत्याची मुलगी बडोद्याला जाऊन राजघराण्यातली झाली, हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. असो, पत्र तर पत्र. संस्कृतच्या मास्तराला त्यात सुखच आहे. फोनवर समोरचा मध्येच बोलतो, पत्रात गप्प बसतो.

आता काम. आमच्या हायस्कूलचे संगीतशिक्षक मे महिन्यात नोकरी सोडून नाशिकला गेले. मागे राहिले ते गायनवृंद, वाद्यवृंद आणि एक कुलूप लावलेली संगीताची खोली. मुख्याध्यापिका रीमा मॅडमनी मला बोलावलं.

"म्हात्रे सर, तुम्हाला वृत्तं येतात ना?"

"येतात."

"म्हणजे तालाचं कळतं. श्लोक पाठ करून घेता, म्हणजे गाणंही बसवाल. यंदा संगीत तुम्हीच बघा."

हा तर्क न्यायशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात बसणार नाही, पण शाळेच्या वेळापत्रकात अगदी चपखल बसला. शाळेत मी अव्ययासारखा आहे. कुठेही ठेवा, वाक्य अडत नाही.

हसण्याचा भाग इथे संपला. शाळा समितीचे अध्यक्ष भूपेश पाटील, पूर्ण्याला ज्यांची गोदामं आहेत ते, यांनी स्पष्ट सांगितलंय. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात या मुलांनी अर्धा तास नीट गाऊन-वाजवून दाखवलं तर संगीतशिक्षकाची जागा भरायची. नाहीतर पुढच्या वर्षीपासून विषय बंद, आणि त्या खोलीत स्पर्धा परीक्षांचे वर्ग. माझं काय जातंय, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणत होतो. काल खोली उघडायला गेलो तर दाराशी मुलं आधीच उभी. नववीतली उन्नती म्हणाली, "सर, तुम्हाला गाता नाय आलं तरी चालेल. फक्त तास रद्द करू नका." संस्कृतच्या तासासाठी मला असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

तू उभा जन्म बडोद्याच्या शाळेत मुलांना गायला शिकवलंस. आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसली आहेस, म्हणजे वेळही आहे. सुरुवात कुठून करू, एवढं सांग.

तुझा,
केसरी


बडोदे,
७ जुलै २०२४

चि. केसरीस आशीर्वाद.

मी तुझ्याहून फार मोठी नाही, पण आशीर्वाद द्यायची संधी सोडत नाही. फोनचं म्हणशील तर तू फोनवर प्रत्येक वाक्य तीनदा म्हणतोस. पत्रात शाई खर्च होते म्हणून एकदाच लिहितोस. मला हे बरं पडतं, असंच चालू दे.

पेटी कपाटात ठेव. पेटी असली की मुलं तिच्या आड लपतात. सगळ्यांना जमिनीवर गोल बसव आणि पहिले पंधरा दिवस गाणं म्हणून काही शिकवू नकोस. श्वास घ्यायचा, एक स्वर धरायचा, सोडायचा. कुणाचा आवाज मोठा म्हणून त्याला पुढे करू नकोस.

गाणं शोधायला पुस्तकं चाळू नकोस. तुझ्या घरात हौसामामी आहे. आपल्या लग्नांतले धवले तिला येतात तेवढे आता कुणाला येत असतील असं वाटत नाही. एक मागून घे. चाल लहान असते, शब्द घरचे असतात, आणि बायका ते एकत्रच म्हणत आल्या आहेत.

वाद्यवाल्यांना आधी गाणाऱ्यांत बसव. गाता आलं की वाजवता येईल.

हेमा


भिवंडी,
१९ ऑगस्ट २०२४

हेमाताई,

पेटी कपाटात आहे. मुलं गोल बसली आहेत. पहिल्या दिवशी 'सा' लावला आणि शेजारच्या वर्गातून गणिताचे सर धावत आले, कुणी पडलं का विचारायला.

आमची मुलं ओरडतात. दोष त्यांचा नाही. निम्म्याहून जास्त मुलं लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्ल्यांत राहतात, खाली कारखाना आणि वर घर. एक शिफ्ट सुटते, दुसरी लागते, लूम थांबत नाहीत. अशा घरात हळू बोलणाऱ्याला भाजी दुसऱ्यांदा वाढली जात नाही. शाळेच्या मागच्या भिंतीलाही एक कारखाना लागून आहे, त्यामुळे आमच्या प्रत्येक रागाला एक कायमचा ठेका मिळालेला आहे.

वाद्यवृंदाविषयी काय सांगू. कुण्या संस्थेने दान दिलेली व्हायोलिनं आहेत, बासऱ्या आहेत, बुलबुलतरंग आहे आणि बँडचा ढोल आहे. ढोल नामा वाजवतो. तो वाजवतो तेव्हा बाकीचे वाजवत आहेत की नाहीत, हा प्रश्न उरत नाही. व्हायोलिनवाले गज कोयत्यासारखा धरतात. चंद्रा एकदा डबा द्यायला आली होती. ती म्हणाली, "एवढ्या मांजरांना एकदम काय झालंय?"

आईकडे धवला मागितला. ती म्हणाली, "मना शाळेत ने. तुझ्या तोंडानं गेला तर वाटेतच मरल." नेली. ती मुलांच्या मध्ये बसली, ऐकलं आणि विचारलं, "ही पोरां गातान का गाव उठवतान?" मुलं हसली. मग तिने गायला सुरुवात केली, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी. लूमच्या गल्लीतली तुळजा आईच्या अगदी समोर बसली होती. आठवीत आहे, बोलत नाही म्हणण्याइतकं कमी बोलते. दुसऱ्या फेरीला ती आईबरोबर सुरू झाली, आणि मग एकेक करून सगळी.

मागच्या आठवड्यात एक दिवस ती सगळी खरोखर एका आवाजात गायली. एकाच वेळी थांबली, एकाच वेळी उचललं. रोमांच हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय, विग्रह करून दाखवत आलोय. अंगावर पहिल्यांदा आला.

आमच्या मितेशने शिकवलं तसं मी ते मोबाईलवर घेतलंय आणि सुकन्याच्या फोनवर पाठवलंय. नीट ऐक आणि खरं काय ते लिही. माझी समजूत काढू नकोस, मी तुझा विद्यार्थी नाही.

केसरी


बडोदे,
१४ सप्टेंबर २०२४

चि. केसरी,

गणपतीत घर भरलं होतं म्हणून उशीर. मी बहुतेक वेळ स्वयंपाकघरातच होते. हल्ली लोक फार पुटपुटतात, त्यांच्यात बसण्यापेक्षा मोदक बरे.

तू पाठवलेलं ऐकलं. छान झालंय. मुलांचा आवाज एकजीव व्हायला लागलाय. शेवटाकडे जरा घाई होते, तेवढी सांभाळ.

आता त्यांना उभं कर. रंगमंचावर गोल बसून चालत नाही. उंचीप्रमाणे तीन रांगा, चेहरे समोर, नजर फक्त तुझ्या हातावर. इकडेतिकडे बघणाऱ्याला दटाव. ही सवय लागायला वेळ लागतो, म्हणून आत्तापासूनच.

तुला मी हे करायला लावतेय खरी, पण वाचताना बरं वाटतं. हौसामामीला माझा नमस्कार सांग.

हेमा


भिवंडी,
२४ ऑक्टोबर २०२४

हेमाताई,

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही वाईट आहेत. कमी वाईट आधी.

शाळेतल्या सरस्वतीपूजनाला भूपेशशेठ येणार होते. रीमा मॅडम म्हणाल्या, मुलांकडून एक गाणं होऊ दे, शेठना अंदाज येईल. मी तुझ्या सूचनेप्रमाणे महिनाभर रांगा लावल्या होत्या. तालमीत जमत नव्हतं, पण मला वाटलं, उभं राहायची सवय नाही, होईल. झालं नाही. पहिली रांग नवरीला हळद लावत होती तेव्हा तिसरी रांग तिला सासरी पाठवून मोकळी झाली होती. मधली रांग कुठे होती ते सरस्वतीलाच ठाऊक. नामाने ढोल वाजवून सगळ्यांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, त्याने उरलेलंही गेलं. तुळजा मध्येच गायची थांबली आणि नुसती उभी राहिली.

शेठ चांगला माणूस आहे, हसला नाही. निघताना मला म्हणाला, "सर, मेहनत दिसते तुमची. ऐकायला मात्र येत नाही." मग रीमा मॅडमना खोलीचं क्षेत्रफळ विचारलं.

गोल बसून हीच मुलं, हेच गाणं अजून नीट म्हणतात. उभी केली, समोर बघायला लावली की फुटतात. मला कारण कळत नाही, आणि जानेवारी लांब नाही.

आता दुसरी गोष्ट. काल मितेश माझा मोबाईल साफ करत बसला होता. म्हणाला, "पप्पा, आत्याला हे काय पाठवलंत?" ऐकलं. मुलं गायची थांबल्यानंतर मी बटण दाबलं होतं. त्यात गाणं नाहीच. नुसते मागच्या कारखान्याचे लूम आहेत आणि शेवटी माझा खोकला.

त्यात तुला एकजीव झालेला आवाज ऐकू आला. शेवटाकडची घाईसुद्धा. ती माझ्या खोकल्यात असणार.

ताई, तू ते लावलंच नाहीस. कंटाळा आला असेल, या वयात दुसऱ्याच्या शाळेचं लचांड नको वाटत असेल, तर तसं लिहायचं होतं. मी खरं मागितलं होतं. पुन्हा काही पाठवणार नाही. दिवाळीच्या शुभेच्छा.

केसरीनाथ


बडोदे,
१० नोव्हेंबर २०२४

चि. केसरी,

तुझं पत्र धनत्रयोदशीच्या आधीच आलं. उत्तर आज लिहितेय, कारण आधी फाडलेली पत्रं मोजायची नाहीत असं ठरवलंय.

मी ते लावलं होतं. सुकन्याने फोन माझ्या कानाशी धरला होता. मला खरखर ऐकू आली, तीही अधूनमधून. मुलं गात असती तरी तेवढीच आली असती.

माझे कान गेले आहेत, केसरी. अजून पूर्ण नाही, पण जात आहेत. यंत्र लावलं की माणसाचं बोलणं थोडं कळतं. सूर मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसे येतात. शाळेत शेवटच्या वर्षी एक अख्खी रांग बेसूर गात होती आणि मी कौतुकाने मान डोलावत होते. ज्या मुलीने मला ते सांगितलं ती सांगताना रडली. त्याच महिन्यात मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. घरातल्यांपलीकडे कुणाला बोलले नाही. गाण्याच्या बाईचे कान गेले, हे ऐकून लोक जो चेहरा करतात तो मला बघायचा नव्हता. तुझा तर नाहीच.

म्हणून फोन नको होता. आणि म्हणून ते कौतुक, डोळे झाकून.

आता तुझ्या मुलांचं. दिवाळीत आम्ही फराळाला बसलो होतो. मी नेहमी अशी जागा धरते की सगळ्यांची तोंडं दिसतील. ओठ दिसले की मला बोलणं कळतं, निदान कळल्यासारखं वागता येतं. माझ्या नातवाने बोलता बोलता पाठ फिरवली आणि मी त्या गप्पांतून बाहेर पडले. अगदी तुझ्या तिसऱ्या रांगेसारखी. ताट हातात तसंच राहिलं आणि तुझं पत्र आठवलं. गोल बसली की जमतं. समोर बघायला लावलं की फुटतं. घर लूमच्या डोक्यावर.

एक कर. ती गाताना कुठे बघतात, ते बघ. गाणं ऐकू नकोस, कान बंद करून घे वाटल्यास. फक्त त्यांचे डोळे बघ.

आणि रांगा लावायला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं.

हेमा


भिवंडी,
१ डिसेंबर २०२४

हेमाताई,

तुझं पत्र चंद्राला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, कारण माझ्याच्याने पुढे वाचवेना. यापलीकडे त्याविषयी काही लिहीत नाही. तुला जो चेहरा बघायचा नाही तो पोस्टाने पाठवणं बरं नव्हे. मागच्या पत्रांतल्या टोमण्यांतला एक फक्त परत घेतो, तो राजघराण्याचा. बाकीचे तुला लागू आहेत.

मुलांना गोल बसवलं, गायला लावलं आणि डोळे बघितले. एकही मूल माझ्याकडे बघत नव्हतं. सगळी समोरच्याच्या तोंडाकडे. मग म्हटलं, डोळे मिटून गा. दुसऱ्या ओळीला दाणादाण. डोळे उघडा म्हटलं, पुन्हा एक आवाज. गेले दोन-अडीच महिने मी त्यांना, इकडेतिकडे बघू नका, असं दटावत होतो. माशाला, पाण्याकडे लक्ष देऊ नकोस, म्हणण्यासारखं झालं.

खात्री करायला तुळजाच्या घरी गेलो. तिची आई खाली कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. आत शिरलो तर आवाजाची भिंतच. तिची आई मान वर करून माझ्याकडे बघत उभी राहिली. मीही बघत उभा राहिलो. तुळजा कानाशी येऊन ओरडली, "सर, आई विचारते चहा घेणार का."

"कधी विचारलं?"

"दोनदा विचारलं. तुम्ही बघितलं नाय."

तिच्या आईने मग लांबच्या लूमवरच्या माणसाला काहीतरी सांगितलं, ओठांनीच. त्याने तिकडून उत्तर दिलं, ती हसली, आणि मी तिथे एकटाच बहिरा होतो.

उपाय उघड आहे. गोलच गायचं. पण गोलात निम्म्या मुलांची पाठ पाहुण्यांकडे येते. रीमा मॅडम म्हणाल्या, "सर, अध्यक्षांकडे पाठ? स्नेहसंमेलनात? आमंत्रणपत्रिका छापायच्या आधीच माझी बदली होईल." मी म्हटलं, मुलं हलवता येत नाहीत, पाहुणे हलवू. रंगमंच नकोच. मैदानात मधोमध मुलं, भोवती खुर्च्या. ज्यांच्या वाट्याला पाठ येईल त्यांना समोरचे चेहरे दिसतील. त्यावर मॅडम बराच वेळ गप्प बसल्या. संस्कृतात याला अर्धसंमती म्हणतात की नाही ठाऊक नाही, मी ती पूर्ण धरली.

एक अडचण आहे. गाणं कुणीतरी गोलाच्या मध्ये उभं राहून उचलून द्यायला हवं. मी हात उचलतो तेव्हा मुलांना वाटतं, सर शिंकणार. तू ये, संमेलनाला. ऐकायला नको, बघायला ये.

केसरी


बडोदे,
१७ डिसेंबर २०२४

चि. केसरी,

पाहुणे हलवायची कल्पना वाचून मी एकटीच हसले. सुकन्या घाबरून बघायला आली.

मी येईन. पण तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसेन, कुणाला काही सांगायचं नाही. माझी ओळख करून देऊन शाल-श्रीफळ केलंस तर तशीच स्टेशनवर जाईन. गोलाच्या मध्ये मी उभी राहणार नाही. बेसूर रांगेसमोर एकदा मान डोलावून झालंय, पुन्हा नको.

तू शिंकल्यासारखा हात उचलतोस कारण खांद्यातून उचलतोस. आधी श्वास घे, तोही मुलांना दिसेल असा. ती तोंडं बघतात ना, मग त्यांना तुझं तोंड दे. हात नाही दिला तरी चालेल.

हेमा


बडोदे,
२ फेब्रुवारी २०२५

चि. केसरी,

संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी निघावं लागलं, म्हणून तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. शिवाय तू स्वतः काही बघितलेलं नाहीस. ऐन वेळी व्हायोलिनची तारांखालची घोडी निसटली आणि तू मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर बसून ती बसवत होतास. तेव्हा काय झालं ते मी सांगते.

आदल्या दिवशीच्या तालमीला मी कोपऱ्यात बसले होते. मधल्या सुट्टीत तुझी तुळजा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "तुम्ही पण बघूनच ऐकता ना?" मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तूही नव्हतं सांगितलंस, मी तुला ओळखते. मी मान हलवली. तिने जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर माझ्याशी बोलताना ती प्रकाशाकडे तोंड करून उभी राहत होती.

संमेलनात तुझं नाव पुकारलं गेलं आणि मुलं गोल उभी राहिली. मध्ये कुणी नाही. लोक चुळबुळायला लागले. भूपेशशेठ खुर्चीत मागे रेलले. उन्नती तुला शोधत होती. तुळजाने मला शोधलं. चौथ्या रांगेत, एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून, ओठांनी म्हणाली, "सर अडकलेत. तुम्ही या." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग आमचं मोडेल." विनवणी नव्हती ती. जेवण सांडेल म्हणावं, तसं.

मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. कुणाच्या तरी पायावर पाय दिला, ते तुमचे गणिताचे सर असावेत.

मध्ये उभी राहिले आणि श्वास घेतला. सगळ्या गोलाने माझ्याबरोबर घेतला, केसरी. बरगड्या वर आल्या, खांदे खाली राहिले. पुढे मला जे ऐकू आलं ते थोडं होतं, नामाचा ढोल पायांतून आला तेवढं. पण दिसलं सगळं. कुणाचा श्वास लवकर संपतोय, कोण पुढे पळतंय, कोण शब्द विसरून शेजाऱ्याचा उचलतोय. एक उंच मुलगा नुसतं तोंड हलवत होता, गळ्याची शीर जागची हलत नव्हती. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हललेच नाही. शेवटी तो गायला. इतकी वर्षं कान शाबूत होते तेव्हा असले चोर मला कधी सापडले नव्हते.

शेवटची ओळ संपली आणि सगळी तोंडं एकाच क्षणी मिटली. लोक टाळ्या वाजवत होते ते मी मागाहून पाहिलं.

आता मला एक सांग, आणि समजूत काढू नकोस. सूर होता का?

हेमा


भिवंडी,
२० फेब्रुवारी २०२५

हेमाताई,

सूर वर गेला होता. उन्नतीने सुरुवात उंच धरली आणि सगळी तिच्याबरोबर चढली. व्हायोलिनवाले खालीच राहिले, पण माझ्या कृपेने त्यांचं निम्मं सैन्य तेव्हा दुरुस्तीत होतं. मुलं मात्र सगळी मिळून चढली, एकही मागे राहिलं नाही, म्हणून कुणाला ते चुकलंसं वाटलं नाही. आईला मात्र कळलं. म्हणाली, "वर गेलता, पण सोबतीनं गेलता. लग्नान असाच होतंय."

काल समितीची बैठक झाली. संगीत चालू राहणार. खोलीही. मानधनावर शिक्षक नेमायचा ठरावही झाला.

मी तुझं नाव दिलंय. विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. कानांचं सांगितलं, कारण लपवून आणलेला शिक्षक टिकत नाही. एक सभासद म्हणाले, "बाईंना ऐकायला येत नसेल तर सूर कोण तपासणार?" मी म्हटलं, उन्नती तपासेल, अंगठा वर किंवा खाली. मुलं तपासतील. शिकवायचं ते बाई शिकवतील. वाद बराच झाला. शेवटी, प्रत्यक्ष भेटून ठरवू, असं ठरलं. भूपेशशेठ अख्ख्या बैठकीत काहीच बोलले नाहीत, त्यामुळे काळजी वाटते.

एप्रिलमध्ये मुलाखत आहे. राहायला आमची वरची खोली आहे, कधी हवं तेव्हा बडोद्याला जाऊन येता येईल. भाऊजींशी मी बोललोय. ते म्हणाले, "घरी नुसती बसून असते, मला टोमणे मारते. घेऊन जा." आता राग यायचा तो येऊ दे, आणि मग ये.

केसरी


भिवंडी,
२२ एप्रिल २०२५

हेमाताई,

तू मुलाखत देऊन परस्पर स्टेशनवर गेलीस आणि मी इथे तर्क करत बसलोय.

रीमा मॅडमनी विचारलेलं मी ऐकलं, तू दिलेली उत्तरंही ऐकली. सगळं ठीक चाललं होतं. मग भूपेशशेठ टेबलाच्या त्या टोकाला बसून नुसते ओठ हलवू लागले. मला वाटलं, घास अडकला. तूही ओठ हलवलेस. ते हसले. पुन्हा हलवले, तू पुन्हा उत्तर दिलंस, आणि त्यांनी सही केली. रीमा मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मागाहून कळलं की गोदामं होण्याआधी त्यांच्या वडिलांचे लूम होते आणि शेठचं बालपण कारखान्यातच गेलं.

नेमणूक झाली, एवढं कळलं. पण ते काय म्हणाले आणि तू काय म्हणालीस? शेठना विचारलं तर म्हणतात, ताईंना विचारा. मॅडमनाही झोप नाही. लवकर लिही.

केसरी


बडोदे,
३० एप्रिल २०२५

चि. केसरी,

त्यांनी विचारलं, "खरं सांगा ताई, तुम्हाला यायचंय, की हे म्हात्रे सर ओढून आणतायत?"

मी म्हटलं, "ओढून त्यानेच आणलंय. राहायचं मात्र माझं मी ठरवलंय."

ते हसले, आणि मग म्हणाले, "हे त्यांना सांगायचं का?"

मी म्हटलं, "इतक्यात नको. तो पत्र लिहून विचारेल."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी येते. वरच्या खोलीतली तुझी पुस्तकं खाली ने, मुलांना गोल बसवायला मला भिंती मोकळ्या लागतील.

हेमा